आठ भोकांची फळी

ऑइलडेल, कॅलिफोर्निया
रविवार, १२ सप्टेंबर १९७१

प्रिय डॉयल,

तुम्ही दोघं बरे असाल. आम्हीही बरे आहोत. बाकी खुशाली नंतर, आधी यादी लिहितो.

हे सगळं माझ्या हातचं आहे. गाडीचं अंग, विमानाच्या पोटाखालची पेट्रोलची टाकी उभी चिरून आणि पुन्हा जोडून केलेलं. सांगाडा दोनदा, पहिला तुझ्या देखत, दुसरा तुझ्या माघारी. पुढचा आस. ब्लोअर ज्यावर बसतो ते ॲल्युमिनियमचं खोकं, विकतचं ओतीव नाही, पत्रा कापून वेल्ड केलेलं, कुठेही थेंब गळत नाही. पट्ट्याची दोन्ही दातेरी चाकं, एकाला अडतीस दाते, दुसऱ्याला पंचेचाळीस, प्रत्येक दाता लेथवर बसून मी कोरलाय. मागचं पॅराशूट सोडायचा दांडा. तुझ्या नदीनवहिनीच्या स्वयंपाकघरातली फडताळं. आईच्या थडग्याभोवतीचा लोखंडी कठडा, जो तू पाहिलेला नाहीस, कारण दफनाला आलास तेव्हा तो झालेला नव्हता. आणि अक्रोडाच्या लाकडाची एक फळी, दीड फूट लांब, आठ भोकांची.

यातलं काहीही मला कुणी शिकवलेलं नाही. आठवीत शाळा सोडली तेव्हा मास्तर म्हणाले होते, वेंडेल, तुझे हात चांगले आहेत, तोंड बंद ठेवलंस तर तुझं भलं होईल. तोंडाचं पुढे येईलच.

पाकिटावर मी तुझ्या बायकोचं, जूनचं नाव घातलंय. माझं अक्षर पाहून तू ते शेगडीत टाकशील, ती टाकणार नाही. जून, तुला एक काम सांगतो. हे त्याला शेवटपर्यंत वाचायला लाव. ऐकत नसेल तर त्याच्या रस्ते सपाट करायच्या यंत्राची किल्ली लपव. मला त्याच्याकडून एक गोष्ट हवी आहे आणि ती मिळणं न मिळणं या कागदांवर आहे. गाडीतली बसायची जागा मी पुन्हा त्याच्या मापाची केली आहे. पुढच्या ऑगस्टमध्ये त्याने मिठावर, वेंडोव्हरच्या त्या पांढऱ्या मैदानावर, यावं आणि तिच्यात बसावं. तुमच्या एल्कोपासून वेंडोव्हर एकशे दहा मैल आहे, मी नकाशावर मोजलंय. आठ वर्षांत तो ते एकशे दहा मैल आला नाही, आणि का आला नाही हे मला इतर कुणाहीपेक्षा जास्त माहीत आहे.

आता बातमी. मिठावरचा वेगाचा विक्रम आपला झाला. जाताना २४३.११, दुसऱ्या दिवशी सकाळी येताना २४०.८६, सरासरी ताशी २४१.९८५ मैल. जुना विक्रम सव्वापाच मैलांनी मागे पडला. चालवणारा मी. एक्कावन्न वर्षांचा माणूस त्या टाकीत शिरताना कसा दिसतो हे नदीनला विचार. ती म्हणते, बरणीत घातलेली काकडीसुद्धा यापेक्षा ऐटीत बसते.

इंजिन तेच आहे, भंगारातल्या ठोकलेल्या क्रायस्लरचं. ब्लोअरही तोच, बसच्या डिझेल इंजिनावरचा. पण हा विक्रम इंजिनाचा नाही, ब्लोअरचाही नाही. तो प्लगचा आहे, आणि हे मी शंभर माणसांसमोर म्हणालोय. डॉयल, तुला हे ठाऊक आहे, पण जून वाचतेय म्हणून सविस्तर लिहितो. तू हवं तर मान हलव.

जून, हे बघ. साध्या गाडीत इंजिन हवा स्वतः ओढून घेतं, जेवढी पोटात मावते तेवढी. ब्लोअर ती कोंबतो. हवा जास्त, पेट्रोल जास्त, आग जास्त. ठिणगी पाडणाऱ्या प्लगच्या टोकाला चिनी मातीचं नाक असतं. ते लांब असेल तर ताप त्यात साचून राहतो, आखूड असेल तर लवकर निघून जातो. लांब नाकाचा तो गरम प्लग, आखूड नाकाचा तो थंड. कंपनीच्या पुस्तकात या इंजिनाला जो प्लग सांगितलाय तो तुला दुकानात जाऊन अंडी आणायला उत्तम. ब्लोअर बसवला की पुस्तकाचं ते पान फाडायचं. कारण त्या आगीत लांब नाक निखाऱ्यासारखं लाल होतं आणि ठिणगी पडायच्या आधीच पेट्रोल पेटवतं. पिस्टन अजून वर येत असतो, वरून आग खाली दाबते, आणि काही सेकंदांत पिस्टनला भोक पडतं.

मग सगळ्यात थंड प्लग घालून मोकळं का होऊ नये? आपल्यासारखाच मिठावर गाडी आणणाऱ्या डॅगेटने घातले. त्याचं इंजिन धावायच्या रांगेतच खोकत मेलं, प्लगवर काजळी इतकी की बोटाने नाव लिहिता यावं. यंदा मे, जून आणि जुलैत मी एल मिराजच्या कोरड्या तळ्यावर तीन दर्जांचे प्लग लावून पाहिले. पुस्तकातल्यापेक्षा दोन पायऱ्या थंड, त्यावर चिनी माती पांढरीफटक आणि तिच्यावर मिरपुडीसारखे ठिपके. ते ठिपके म्हणजे पिस्टन वितळायला लागल्याचं पहिलं पत्र. चार पायऱ्या थंड, त्यावर मुळाशी काळं कडं. तीन पायऱ्या थंड, माती फिक्या टोस्टच्या रंगाची, आणि वरच्या वाकड्या तारेवर तापाची निळी रेघ नेमकी वाकणावर. रेघ वाकणावर आली की समजायचं, हाच. तार आणि टोक यांतलं अंतर वीस थाऊ, इंचाचे वीस हजारांश, म्हणजे दोन पोस्टकार्डं एकावर एक ठेवली तेवढं. कोंबलेल्या हवेत ठिणगीला उडी मारणं जड जातं, म्हणून उडी लहान ठेवायची. वाऱ्यात काडी पेटवताना आपण हात जवळ धरतो तसंच.

आणि हे वाचायचं कसं, तर पुऱ्या वेगात असतानाच किल्ली बंद, क्लच दाबलेला, गाडी नुसती घरंगळू द्यायची, आणि जिथे थांबेल तिथेच प्लग काढायचा. इंजिन मंद चालवत तंबूपर्यंत आणलंस की प्लगवर लिहिलेलं पुसलं जातं. यंदाही तिघे जण फटफटत परत आले आणि मला प्लग दाखवत म्हणाले, "वेंडेल, बघ ना, रंग छान आहे." मी म्हणालो, "रंग तंबूपर्यंतच्या रस्त्याचा आहे. रस्ता छान आहे."

तर थंड प्लगवर इंजिन नीट गरम होत नाही आणि गरम प्लगवर धावू शकत नाही. म्हणून दोन संच. सकाळी गरम प्लग घालून इंजिन तापवायचं, मग रांगेत सगळे आठ काढून आठ थंड बसवायचे, आणि निघायचं. मिठावर सगळे हेच करतात. इथेच ती फळी येते.

गरम प्लगांची षट्कोनी कड मी लाल रंगवली आहे. फळीवर आठ भोकं, सिलिंडरच्या नंबरांनी. थंड प्लग भोकांत उभे करून रांगेत न्यायचे. एक थंड उचलला की त्याच्या भोकात इंजिनातून निघालेला लाल गेलाच पाहिजे. शेवटी आठही भोकांत लाल दिसायला हवेत. मग मी फळी नदीनच्या हातात देतो. ती बोट लावून मोजते आणि म्हणते, "आठ. जा." तिने "जा" म्हटल्याशिवाय मी टाकीचं झाकण लावत नाही. गेल्या सात वर्षांत एकदाही लावलेलं नाही.

ही फळी आता मिठावर बावीस जणांकडे आहे. डॅगेटने तर पितळेची पट्टी ठोकून घेतलीय. लोक माझ्याकडून माप घेऊन जातात, भोकाचा व्यास सव्वाचौदा मिलिमीटर की साडेचौदा म्हणून पत्रं पाठवतात. मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू.

विक्रम झाला त्या दुपारी एक माणूस आमच्या तंबूत आला. नाव फेनविक. एका प्लग कंपनीचा. कंपनी कोणती ते लिहीत नाही. मिठावर पांढरे बूट घालून आलेला पहिला माणूस मी पाहिला. नदीन म्हणाली, "मिस्टर फेनविक, बुटांना मीठ लागलंच आहे, लोणी मी देते, मक्याची कणसं तुम्ही आणा."

तो हसला. माणूस वाईट नव्हता. फळी त्याने हातात घेतली, उलटसुलट पाहिली.

"मिस्टर लॉफ्टिस, ही कुणाची कल्पना?"

"माझी."

"सुचली कशी?"

"मी मोजून काम करणारा माणूस आहे."

शेजारी बर्डसॉल म्हातारा घडीच्या खुर्चीवर बसला होता. तोच, क्लबचा तपासनीस, मांडीवर तीच काळ्या पुठ्ठ्याची वही. त्र्याहत्तर वर्षांचा आहे आता, कान गेलेत पण नको ते सगळं ऐकू येतं. तो म्हणाला, "अहो, याच्या भावाने त्रेसष्ट साली इंजिन जाळलं. जडपाय डॉयल, पेडलवरून पाय न उचलणारा. ऐकलं असेल तुम्ही. तेव्हापासून वेंडेल फार नीटनेटका झाला."

फेनविक हसला. "जडपाय. हे छापायला हवं."

मीही हसलो.

डॉयल, एवढं लिहून मी उठलो. बाहेर जाऊन लिंबाला पाणी घातलं. उरलेलं आज नको.

मंगळवार, १४ सप्टेंबर

परत बसलोय. काल पंपांच्या कारखान्यात एक शाफ्ट चुकीच्या मापाचा कापला, सव्वीस वर्षांत दुसऱ्यांदा. फोरमनने तो भंगारात टाकला. नदीन जेवताना म्हणाली, "ते पत्र पुरं कर, नाहीतर उद्या बोट कापशील."

टाकीच्या दोन्ही बाजूंना अजून "लॉफ्टिस बंधू" लिहिलेलं आहे. रंग तीनदा दिला, ती अक्षरं तिन्ही वेळा पुन्हा काढली. नवीन पोरं विचारतात, दुसरा कुठे आहे. मी सांगतो, नेवाडात, सरकारी रस्ते सपाट करतो, ताशी पंधरा मैल. सगळे हसतात. ते वाक्यही माझ्याच हातचं आहे. यादीत राहून गेलं.

आता त्रेसष्ट साल.

तुला जे माहीत आहे ते आधी लिहितो. तू अडीच मैलांवर होतास. इंजिनाचा आवाज बदलला. तू पाय उचललास. पिस्टनला भोक पडलंच होतं, तेल उडालं, लाल झालेल्या नळ्यांवर पडलं, पेटलं. तू पॅराशूट सोडलंस, गाडी सरळ धरलीस, थांबवलीस आणि बाहेर आलास. डावा हात तेवढा आगीत राहिला, झाकणाचा खटका निघेपर्यंत.

मग तू ट्रकच्या मागच्या फाळक्यावर बसला होतास, हात ओल्या फडक्यात. बर्डसॉल वही घेऊन आला. कारण काय, म्हणाला. तू म्हणालास, "आवाज बदलला तसा मी लगेच पाय उचलला." आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, "लगेच म्हणजे कधी? मैलभर पुढे गेल्यावर?" तू माझ्याकडे पाहिलंस. बर्डसॉलने लिहिलं: ड्रायव्हरने वेळेवर पाय उचलला नाही. तुला दवाखान्यात नेलं. त्यानंतर आजतागायत तू माझ्याशी बोलला नाहीस. कुणाच्याही गाडीत तुला जागा मिळाली नाही. एका नाताळच्या कार्डावर जूनने लिहिलं होतं, गिटारीची पेटी माळ्यावर ठेवली, डाव्या हाताची दोन बोटं सरळ होत नाहीत.

आता जे तुला माहीत नाही ते.

पहिल्या सांगाड्यात, इंजिनाच्या मागच्या बाजूला डावीकडून उजवीकडे एक आडवी नळी मी वेल्ड केली होती. ती सात नंबरच्या प्लगच्या तोंडावरून जात होती. लांब पाना तिथे बसत नव्हता, आखूड लागायचा. त्या दिवशी रांगेत मी गरम प्लग काढत होतो. एक, तीन, पाच झाले. सातचा थंड प्लग उचलला, पाना लावायला गेलो, बसेना. आखूड पाना पेटीत होता, पेटी ट्रकमध्ये होती. तेवढ्यात आपला नंबर पुकारला. मी मनाशी म्हटलं, उजवी बाजू उरकून परत येतो. थंड प्लग शर्टाच्या खिशात टाकला. दोन, चार, सहा, आठ केले. मग तुझ्या पट्ट्याचं बक्कल ओढलं आणि तुझ्या शिरस्त्राणावर दोनदा थाप मारली. आठवतंय ना, मी नेहमी दोनदा मारायचो.

तू सात थंड प्लगांवर आणि एका गरम प्लगावर गेलास.

बर्डसॉलला मी जे सांगितलं ते सांगताना मला खरंच वाटत होतं की तू पाय उचलला नसशील. हे मी माझ्या बाजूने लिहितो, कारण ते खरं आहे. तुला घेऊन दवाखान्याची गाडी गेली. मी तेलाचं पातेलं उचलायला वाकलो आणि खिशातून प्लग मिठावर पडला. नवा कोरा, नाक पांढरं. मी घड्याळ पाहिलं, का पाहिलं कुणास ठाऊक. बर्डसॉलने वही मिटल्याला अकरा मिनिटं झाली होती. म्हणजे अकरा मिनिटं माझी चूक होती. त्यानंतरचं सगळं खोटं.

वही पन्नास पावलांवर होती. मी चाललो नाही. तीन वेळा एक पाऊल टाकलं असेल. लोक इंजिनाभोवती उभे होते आणि म्हणत होते, "वेंडेल, तुझं काम कधी चुकत नाही, पोराचा पाय जड पडला." ते ऐकायला बरं वाटलं. मग सातचा जळका प्लग मी कुणी बघायच्या आत काढला. तार गेलेली, माती वितळून थेंब झालेली, पण बाजूचा नंबर वाचता येत होता. गरमच. तोही खिशात टाकला. दोन्ही प्लग एका तंबाखूच्या डबीत ठेवले आणि डबी अवजारांच्या पेटीच्या तळाशी. आठ वर्षं ती पेटी उचलताना मला तिचं वजन कळत होतं.

फळी मी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केली.

आणखी एक. आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा एकदा म्हणाली, "वेंडेल, डॉयलने खरंच पाय उचलला नव्हता का रे?" मी म्हणालो, "आई, तो विषय नको." ती म्हणाली, "बरं." पुन्हा विचारलं नाही. कठडा मी त्यानंतर केला, फार बारीक नक्षीचा. एवढं बारीक काम मी आयुष्यात केलेलं नाही, आणि ते बघायला मी फारसा जात नाही.

तर त्या दुपारी बर्डसॉल "जडपाय" म्हणाला आणि मी हसलो. फेनविक गेल्यावर नदीनने मोजायची फळी माझ्या हातात दिली नाही, माझ्या मांडीवर टाकली. म्हणाली, "तुझ्या भावाला हसलास. माझ्या भावाला कुणी असं हसलं असतं तर मी तो तंबू मोडला असता." तिला डबीबद्दल माहीत नव्हतं. मी तिथेच, मीठ लागलेल्या हातांनी, डबी काढून तिला दाखवली. तिने दोन्ही प्लग तळहातावर घेतले. मग म्हणाली, "वही कुठे आहे?"

दुसऱ्या दिवशी शनिवार, शेवटचा दिवस. सकाळी मी बर्डसॉलकडे गेलो. या वेळी पावलं मोजली, एकशे चाळीस निघाली. त्याच्या वहीवर दोन्ही प्लग ठेवले आणि सांगितलं.

त्याने भिंग काढलं. आधी कोरा पाहिला, मग जळका, मग बाजूचे नंबर. "आठ वर्षं लागली?" म्हणाला. "तुझी गाडी मैल पंधरा सेकंदांत संपवते."

"हो."

"पोराने मला सांगितलं होतं, पाय उचलला म्हणून. मी तुझं लिहिलं. का, माहीत आहे? तुझं अक्षर बघून. तुझ्या कागदांवर कधी खाडाखोड नसते." मग वही उघडत म्हणाला, "आता होईल."

तुला नियम माहीत आहे. वहीतली ओळ खोडता येत नाही. खाली नवी ओळ लिहायची, सही करायची, दोन साक्षीदार घ्यायचे, आणि सकाळच्या सभेत सर्व ड्रायव्हरांसमोर ती वाचायची. बर्डसॉल म्हणाला, "मी वाचतो." मी म्हणालो, "नाही, ज्याने लिहिली तो वाचेल." त्या ओळीची कार्बन प्रत सोबत जोडली आहे. नीट बघ, सही माझी आहे आणि एक खाडाखोडही आहे. "माझ्याकडून राहिला" ऐवजी आधी "राहून गेला" लिहिलं होतं. ते खोडलं.

सत्तरएक माणसं होती. मी वाचलं. त्यातल्या निम्म्यांना प्लग कसा वाचायचा ते मी शिकवलेलं आहे. मग डॅगेट म्हणाला, "मग मी माझ्या पितळेच्या फळीचं काय करू? मी तर सगळ्यांना सांगत फिरतो की ही वेंडेलची हुशारी."

बर्डसॉल म्हणाला, "फळी ठेव. फळीने कुणाला काही खोटं सांगितलेलं नाही."

थोडे हसले. मी हसलो नाही. मागून कुणीतरी विचारलं, "मग डॉयल कुठे असतो?" मी म्हणालो, "एल्कोला. इथून एकशे दहा मैल." या वेळी रस्ते सपाट करायचा विनोद केला नाही.

डॉयल, माफी मागायला मला येत नाही. शिकवणारं कुणी नव्हतं आणि स्वतः शिकलो नाही. यंत्रातलं मात्र येतं, तर तेच लिहितो. नव्या सांगाड्यात ती आडवी नळी नाही. ती मी इंजिनाच्या खालून नेली आहे, जास्त जड झाली, पण सातचा प्लग आता कुठल्याही पान्याने निघतो. बसायची जागा तुझ्या मापाची आहे. ते माप मला पाठ होतं, छत्तीस छातीला, एकोणतीस पाठीला. तू जाड झाला असशील तर जूनने कळवावं, दोन बोटं वाढवीन. झाकणाचा खटका बदलला आहे, उजव्या हाताने उघडतो.

प्लग मी बसवीन, कारण ते माझ्यापेक्षा चांगलं कुणी बसवत नाही, हे मी अजूनही म्हणेन. पण बसवून झाले की फळी नदीनला देणार नाही. ती तुझ्या मांडीवर ठेवीन. तू बोट लावून मोजायचं. आठही लाल दिसले आणि तुझी खात्री पटली की तू झाकण लावायचं. नाही पटली तर पुन्हा काढायला लाव, हवं तेवढ्या वेळा. नंबर पुकारला तरी मी हलणार नाही.

यायचं नसेल तर येऊ नकोस. पण ती कार्बन प्रत जपून ठेव. बर्डसॉलच्या वहीत ती ओळ आता तुझ्या नावाखाली आहे आणि मी मेलो तरी राहील.

तुझा थोरला भाऊ,
ज्याने तुला सात थंड प्लगांवर पाठवलं,
वेंडेल

ता. क. नदीन म्हणते हे लिहू नकोस, फुशारकी वाटेल. वाटू दे. मागच्या आठवड्यातल्या सोमवारी, कामगार दिनाच्या सुट्टीला, फेनविक इथे घरी आला. बूट या वेळी तपकिरी होते. त्याच्या कंपनीला माझा फोटो हवा होता, हातात फळी धरलेला, आणि खाली ओळ छापायची होती: "तीस वर्षांत ज्याचा एकही प्लग चुकला नाही." मी विचारलं, "सभेत मी काय वाचलं ते ऐकलं नाही का?" तो म्हणाला, "ऐकलं. पण मिठाच्या मैदानाबाहेर ती वही कोण वाचतो? तुम्ही फक्त सही करा." कागद त्याने स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवला. आकडा आधीच टाइप केलेला होता, चार हजार दोनशे डॉलर. मी नाही म्हणालो.